चार लाखात सव्वादोन किलोमीटर रस्ता कसा जगवायचा?

नवी_सदस्या :

नमस्कार मंडळी. मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेय, त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमचं गाव ऊस पट्ट्यातलं, अडीच हजार वस्ती. गावातून मेन रोडला जाणारा सव्वादोन किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, नऊ वर्षांपूर्वी झालेला, त्यानंतर दोनदा खड्डे भरले आणि दोन्ही वेळा पहिल्याच पावसात भरलेलं सगळं निघून गेलं. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बरा आहे, बरा म्हणजे डांबर दिसतं एवढंच. पण ओढ्याच्या अलीकडचा साधारण सहाशे मीटरचा तुकडा असा झालाय की रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळत नाही. शाळेची पोरं तिथं सायकल हातात धरून चालतात. गेल्या श्रावणात आमच्या आळीतल्या एका बाळंतिणीला रिक्षातून उतरवून ट्रॅक्टरवर बसवून पलीकडं न्यावं लागलं, त्या दिवसापासून माझ्या डोक्यातनं हा रस्ता जात नाहीये.

पैसे म्हणाल तर सगळं ओढूनताणून चार लाखाच्या आसपास. मोठ्या कामाची मागणी वर दिलीय, यादीत नाव आहे म्हणतात, पण त्या यादीत आम्ही तीन वर्ष आहोत. ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो कमानीपासून देवळापर्यंत सिमेंट काँक्रीट करा, चार लाखात दीडशे मीटर होईल पण दिसेल तरी. दुसरा म्हणतो सगळ्या रस्त्यावर मुरूम पसरा, सगळ्यांना थोडं थोडं. मला दोन्ही पटत नाहीये पण का पटत नाही ते चार माणसांत उभं राहून सांगता येत नाहीये. कुणी हे काम जवळून बघितलंय का?

थेट_सवाल :

काँक्रीट करा आणि मोकळे व्हा ताई. डांबर म्हणजे दरवर्षी टेंडर, दरवर्षी टक्केवारी. काँक्रीटला निदान पंधरा वर्ष कुणी हात लावत नाही. बाकी सहाशे मीटरचं चार लाखात काही होत नसतं, उगाच लोकांना आशा लावू नका.

साईडपट्टी_काका :

ताई, मी ३१ वर्ष शाखा अभियंता म्हणून ग्रामीण रस्तेच केले, आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे म्हणून लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

तुमचे दोन्ही तट डांबर, सिमेंट, मुरूम असं बोलतायत, पाण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. रस्ता पाण्यानं मरतो. वरचं डांबर म्हणजे नुसती छत्री, वजन पेलतो तो खालचा खडी मुरमाचा थर, आणि तो थर कोरडा असेल तोवरच पेलतो. एकदा खालून भिजला की वर तुम्ही सोन्याचा पत्रा टाका, ट्रॅक्टर गेला की बसणारच. सुरुवात आणि शेवट नऊ वर्ष टिकला, मधलाच गेला. ठेकेदार तोच, डांबर तेच, वाहनं तीच. मग मधेच का गेला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. आणि हे उत्तर फुकट मिळतं, फक्त धो धो पाऊस पडताना छत्री घेऊन तिथं जाऊन उभं राहावं लागतं. आम्ही साहेब लोक रस्ते बघायला उन्हाळ्यात जीपनं जायचो, सगळी चूक तिथंच व्हायची.

काय बघायचं सांगतो. पहिलं म्हणजे साईडपट्टी. नऊ वर्षांत कडेला गवत वाढतं, त्यात माती अडकते, शेतकरी नांगरताना ढेकळं इकडं लोटतो, आणि हळूहळू कडेची पट्टी रस्त्यापेक्षा वर येते. मग रस्ता म्हणजे पाट झाला, पाणी बाहेर जायला वाटच नाही. मी तर पैजेवर सांगतो तुमच्याकडं हे असणारच. दुसरं म्हणजे गटार बुजवलंय का, कुणी शेतात जायला वाट करताना पाइप न टाकता नुसता भराव घातलाय का. तिसरं मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडं जायच्या वाटा, किती आहेत आणि किती तोंडं उघडी आहेत. चौथं रस्त्याचा कॅम्बर, म्हणजे मध्यावरून दोन्ही कडांना असलेला उतार. त्याला यंत्र लागत नाही. बादलीभर पाणी रस्त्याच्या मध्यावर ओता. पाणी दोन्हीकडं पळालं पाहिजे. जागेवरच डबकं झालं किंवा चाकोरीतून लांबपर्यंत वाहत गेलं तर कॅम्बर गेलाय. पावणेचार मीटरच्या डांबरी रस्त्याला मध्य कडेपेक्षा निदान दोन इंच वर पाहिजे. मुरमाच्या तीन मीटर रस्त्याला त्याहून जास्त, अडीच पावणेतीन इंच.

आता मुरूम पसरणाऱ्या गटासाठी हिशोब. सहाशे मीटर लांब, तीन मीटर रुंद, सहा इंच दाबलेला थर म्हणजे ९५ ब्रासच्या थोडा वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून ट्रॉलीत मोजताना १२०-१२५ ब्रास लागेल. हे एवढ्याशा तुकड्याचं. सव्वादोन किलोमीटरवर चार लाखाचा मुरूम पसरला तर हातभर अंतरावर मूठभर पडेल, पाणी न मारता रोलर न फिरवता तसाच सोडला तर चिखलात आणखी चिखल. डांबरी खड्ड्यात तर नुसता मुरूम कधीच टाकू नका. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापायच्या, आतली धूळ पाणी सगळं काढायचं, कडांना डांबराचा हात मारायचा मग माल भरायचा आणि धुम्मसनं नाहीतर छोट्या रोलरनं ठोकायचा, रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवून. तुमचे खड्डे पहिल्या पावसात निघाले कारण ओल्या गोल खड्ड्यात माल ओतून फावड्याच्या पाठीनं थोपटला असणार. खोटं असेल तर सांगा.

आणि थेट सवालवाल्यांना सांगतो, काँक्रीट वाईट नाही. गावठाणात जिथं घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं तिथं तेच योग्य. पण खालचा थर न दाबता, सांधे न कापता, दोन आठवडे पाणी न मारता केलेलं काँक्रीट दोन वर्षांत कडेनं तुटताना मी स्वतः बघितलंय, आणि ते तोडून दुरुस्त करणं डांबरापेक्षा अवघड. शिवाय दर वेळी जुन्यावरच नवीन ओतत गेलं की रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर जातो आणि पावसाळ्यात पाणी लोकांच्या स्वयंपाकघरात. असं करून ठेवलेली गावं भरपूर आहेत.

वऱ्हाडी_पांदण :

काकांनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त एक राहिलं. ताई खाली माती कोणती आहे ते पण पाहा. आमच्या वऱ्हाडात काळी कन्हार, पाणी प्याली का फुगते न उन्हाळ्यात भेगा पडते तर आख्खा हात जाते आत. त्याच्यावर डायरेक्ट खडी टाकली का दोन पावसात खडी खाली न माती वर. आमच्या गावच्या पांदणीवर, म्हणजे शेतरस्त्यावर, तीनदा खडी टाकली राजेहो, तिन्ही वेळा जमिनीनं गिळली. मग चौथ्या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सांगितलं का आधी दोन्ही बाजूनं नाल्या खोदा, ती माती मधात टाकून रस्ता आजूबाजूच्या वावरापेक्षा दीड दोन फूट वर उचला, एक उन्हाळा तसाच बसू द्या, मग त्याच्यावर चांगला मुरूम. पांदण उंच झाली तेव्हाच टिकली. तुमचा ओढ्याजवळचा तुकडा काळ्या मातीचा असेल तर बाकीच्यापेक्षा तोच काऊन गेला त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

चिऱ्याचा_गडगा :

आम्ही रत्नागिरीकडचे, पाऊस साडेतीन हजार मिलिमीटर, त्यामुळे पाणी काय करतं ते आम्हाला वेगळं सांगायला नको :) आमच्या वाडीचा रस्ता डोंगराच्या कुशीतून येतो, वरच्या बाजूला गटार आणि चार पऱ्यांवर (छोट्या ओढ्यांवर) चार मोऱ्या. आमच्याकडे एक पद्धत आहे, मिरगाच्या आधी एक रविवार आणि गणपतीच्या आधी एक रविवार, घरटी एक माणूस, कोयता नाहीतर फावडं घेऊन रस्त्यावर. गवत बेणायचं, गटार उपसायचं, मोरीत अडकलेला पाला काढायचा. जो येणार नाही त्याने मजुरी भरायची, मुंबईवाले मंडळाकडून पाठवतात. दुपारी वडे आणि वाटाण्याची उसळ. पैसे म्हणाल तर फक्त जेवणाचे. शेजारच्या वाडीचा रस्ता आमच्याच वर्षी, एकाच कामात झाला, ते हे करत नाहीत, त्यांच्याकडे आता गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या खालीच लावून मूर्ती डोक्यावरून न्यावी लागते.

दोन गोष्टी अनुभवाच्या. मोरीला पाइप टाकाल तर सहाशे मिमीपेक्षा बारीक टाकू नका, आम्ही पैसे वाचवायला तीनशेचा टाकला होता, पहिल्या वर्षी नारळाच्या झावळीने तुंबला आणि आत माणूस शिरत नाही की फावडं शिरत नाही, शेवटी खोदूनच काढला. आणि पाइपाच्या दोन्ही तोंडांना दगडी भिंत बांधाच, नाहीतर पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं आणि पाइप राहतो पण रस्ता जातो.

हिशोबनीस :

पैशाच्या बाजूनं लिहितो कारण काम कितीही बरोबर असलं तरी हेड म्हणजे खर्चाचं खातं चुकलं तर ऑडिटला तुम्हीच उभ्या राहणार. सगळ्यात आधी या रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडं. क्रमांक असेल तर रस्ता तुमच्या पंचायतीचा नाही, त्यावर खर्च करायच्या आधी बांधकाम उपविभागाचं नाहरकत पत्र घ्या, साधं एक पानी असतं पण ते नसलं तर चांगलं काम करून माणूस अडकतो. क्रमांक नसेल तर आधी क्रमांक मिळवायच्या मागं लागा, त्याशिवाय ३०५४ या सरकारच्या रस्त्यांच्या खात्यातून देखभालीचे पैसे कधीच येणार नाहीत.

रस्त्याच्या तोंडाला योजनेचा बोर्ड होता का? प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडकमधून झाला असेल तर पहिली पाच वर्ष देखभाल त्याच ठेकेदारानं करायची असते, बोर्डावर काम संपल्याची तारीख लिहिलेली असते. तुमचे नऊ वर्ष झाले म्हणजे ती मुदत गेली, पण गावातला दुसरा एखादा रस्ता अजून मुदतीत असेल, तिथं पंचायतीचा पैसा घालून ठेकेदाराला फुकटची मदत करू नका, असं सर्रास चालतं.

पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१ ते २०२६) तुम्हाला माहीतच असेल, त्यात साठ टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेला होते, चाळीस अबंधित. रस्त्याला अबंधितच. पण गावठाणातलं सांडपाण्याचं गटार हे स्वच्छतेच्या कामात बसतं, ते बंधितमधून करा म्हणजे रस्त्याचे पैसे रस्त्यालाच राहतील. ग्रामसेवकांना विचारा (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून भाऊसाहेबच बसलंय). काम विकास आराखड्यात असायला पाहिजे हे वेगळं सांगत नाही. आमदारांकडं जाणार असाल तर २५१५ या ग्रामविकासाच्या खात्यातून मागा, आणि जाताना "रस्ता द्या" म्हणून जाऊ नका, "अमुक ठिकाणी एक मोरी द्या" म्हणून अंदाजपत्रक घेऊनच जा, छोटं काम लवकर सुटतं.

पाणंद रस्त्यांचा विषय निघालाच आहे तर, २०२१ ची मातोश्री पाणंद योजना रोहयोच्या (रोजगार हमीच्या) जोडीनं आली, अडचण एवढीच होती की रस्त्यात मजुरी कमी आणि माल जास्त, मजुरी ६० माल ४० हे प्रमाण बसायचं नाही, म्हणून त्याच्याबरोबर विहिरी, फळबागा, झाडं अशी मजुरीची कामं गावानं काढावी लागायची. आमच्या इथं रेशीमवाल्यांमुळं ते जमलं.

मक्याच्या_देशातून :

मूळ गाव बारामतीकडचं, सध्या अमेरिकेत आयोवा राज्यात. इथं काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) बहुतेक ग्रामीण रस्त्यांवर अजून डांबर नाही, खडीच आहे, आणि ग्रेडर (रस्ता खरवडून सारखा करणारं यंत्र) ठरावीक दिवसांनी येऊन कॅम्बर परत काढून जातो. शेजारच्या राज्यांमधे तर २००९-१० च्या आसपास काही काउंट्यांनी खराब झालेलं डांबर उखडून मुद्दाम खडीचे रस्ते केले, कारण डांबर सांभाळायला पैसे नव्हते. मला सुरुवातीला हसू आलं होतं, पण चांगला खडीचा रस्ता फुटलेल्या डांबरापेक्षा खरंच बरा चालतो. सहाशे मीटर तात्पुरतं असं करता येईल का?

थेट_सवाल :

दादा तुमच्या ग्रेडरच्या किमतीत आमची आख्खी पंचायत विकत येईल.

साईडपट्टी_काका :

ग्रेडर कशाला पाहिजे, ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी फळी लावून रान सपाट करतात ना, तीच थोडी तिरकी लावून दोन्ही कडांकडून मध्याकडं ओढली की कॅम्बर निघतो. आयोवावाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मधला तुकडा डांबर खरवडून चांगला मुरूम खडीचा करा, लाजायचं कारण नाही.

उसाच्या गाड्यांबद्दल पण सांगतो, कुणी काढलं नाही म्हणून. अमेरिकेत १९५८ ते ६० मधे इलिनॉयला मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दिवसरात्र ट्रक फिरवून मोठा प्रयोग केला होता, त्यातून निघालं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, जवळजवळ सोळा पट होतं. गावातल्या शंभर मोटारसायकली रस्त्याचं काही बिघडवत नाहीत. उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या रस्ता ओला असतानाच त्यावर घातल्या की एका हंगामात काम तमाम. त्या बंद करा असं कोण म्हणणार, तोच आपला पैसा आहे. पण हंगामाच्या आधी साखर कारखान्याच्या शेती विभागाला लेखी पत्र देऊन मुरूम आणि रोलर मागा, रस्ता बंद पडला तर ऊस त्यांचाच अडकतो, बरेच कारखाने देतात.

नवी_सदस्या :

पावणेदोन महिन्यांनी लिहितेय, सगळ्यांचं वाचत होते पण सांगण्यासारखं हातात आल्याशिवाय लिहायचं नाही ठरवलं होतं.

काकांनी सांगितलं तसं पावसात जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी लोकांनी येडी म्हटलं, दुसऱ्या दिवशी दोन जण बरोबर आले. आम्हाला आयुष्यभर वाटत होतं की ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं. ओढा तिथून चाळीस पावलं खाली आहे, त्याचं पाणी येतच नाही! पाणी येतंय वरच्या बाजूच्या उसाच्या रानातून, पाऊस थांबला तरी दोन दिवस झिरपत राहतं. आणि साईडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर वर, काका पैज जिंकलात.

मग मी विचारत सुटले की पूर्वी हे पाणी कुठं जायचं. आमच्या शेजारचे एक आजोबा आहेत, नव्वदीला टेकलेले, ते म्हणाले तिथं दगडी मोरी आहे की, आम्हीच बांधली, ७२ च्या दुष्काळात, खडी फोडायला होतो तेव्हा. कुणाला खरं वाटेना. त्यांना खुर्चीत बसवून ट्रॉलीतून तिथं नेलं, त्यांनी चिंचेच्या बुंध्यापासून काठीनं दाखवलं, जेसीबी लावला आणि तीन फुटांवर घडीव दगड लागला. मोरी शाबूत आहे. वरचं तोंड गटार बुजवताना गेलं आणि खालच्या तोंडावर आमच्याच एका भावकीनं शेतात जायची वाट केलीय, पाइप न टाकता. त्यावरून आठवडाभर बोलणं बंद होतं. शेवटी त्यांची वाट तशीच ठेवायची आणि पंचायतीनं खाली पाइप टाकून द्यायचा यावर मिटलं, अडीच मीटरचे तीन पाइप, सहाशे मिमीचे, तोंडांना दगडी भिंत.

नाहरकत पत्र मिळालं, रस्त्याला क्रमांक आहे. जेसीबी दोन दिवस मिळून अकरा तास, तासाला बाराशेनं. गटार उपसलं, दोन्ही साईडपट्ट्या छाटल्या, ती माती एकानं घरासमोर भराव म्हणून फुकट नेली. आत्तापर्यंत एक लाखाच्या आतच आहोत. ऑगस्टमधे पाऊस चांगला झाला पण तुकडा दुसऱ्या दिवशी वाळायला लागला, खड्डे आहेत तिथंच आहेत पण चिखल नाही. काँक्रीटवाला गट अजून नाराज आहे, म्हणतात खर्च कुठं दिसतच नाही. खरंय, जमिनीखाली गेलाय सगळा.

आता दसऱ्यानंतर मुरूम. कारखान्याला पत्र दिलंय, साठ ब्रासचं तोंडी कबूल केलंय, बाकीचा तहसीलची परवानगी काढून गावतळ्यातून. यात अजून कुठं फसू शकते?

साईडपट्टी_काका :

मोजमापात. मुरूम ट्रॉलीत मोजून बिल काढू देऊ नका, दाबल्यावर जागेवर तीन चार ठिकाणी खड्डा खणून जाडी बघा आणि ती मोजमाप पुस्तिकेत लिहून घ्या. सहा इंच एकदम टाकू नका, तीन तीन इंचाचे दोन थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. तळ्यातला गाळ मुरूम म्हणून खपवतील, हातात घेऊन ओला करून चोळा, साबणासारखा लागला तर परत पाठवा. आणि आजोबांना माझा नमस्कार सांगा. मी त्या दुष्काळात शाळेत होतो, आई जायची खडी फोडायला.

वऱ्हाडी_पांदण :

भावकीच्या वाटेचं लेखी घेतलं का ताई? पाइप तुंबला तर साफ कोणी करायचा ते आजच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा बोलणं बंद.

नवी_सदस्या :

लेखी नव्हतं घेतलं, उद्याच घेते. पहिला थर पडलाय, रोलर शुक्रवारी येतोय. बादली घेऊन जाणार आहे, पोरंबी येतो म्हणतायत पाणी ओतायला.